भोळ्या सुताराचे भाग्य

रेडिओवर क्रिकेटचे समालोचन ऐकत वाढलेल्यांना 'सिली पॉइंट' हे शब्द इंग्रजी यायच्या आधीपासून पाठ असतात. फलंदाजाच्या अगदी पुढ्यात वाकून उभा असलेला क्षेत्ररक्षक. चेंडू जोरात आला तर बाजूला व्हायलाही वेळ नाही. त्या जागेला असे नाव का, हे मला शाळेत 'सिली म्हणजे मूर्ख' असे वहीत उतरवून घेतले तेव्हा कळले. इतक्या जवळ शहाणा माणूस कशाला उभा राहील? नाव चपखल वाटले आणि विषय तिथे मिटला. तो पुन्हा उघडला कॉलेजात, इंग्रज कवी चॉसर वाचायला घेतला तेव्हा. एका तळटिपेत या शब्दाचे जुने रूप दिले होते आणि त्याच्यापुढे अर्थ होता: धन्य, भाग्यवान.

धन्य आणि मूर्ख. एकाच शब्दाची ही दोन टोके बघितल्यावर मधली वाट शोधावीशी वाटतेच, आणि ती वाट तयार मिळतेही. शब्दांच्या इतिहासावरच्या कुठल्याही लोकप्रिय पुस्तकात ती पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेली असते. आधी धन्य, मग पुण्यवान, मग निष्पाप, मग निरुपद्रवी, मग बिचारा, मग दुबळा, मग भाबडा, आणि तळाशी मूर्ख. भाषाशास्त्रात याला अर्थापकर्ष म्हणतात. आणि या पायऱ्या सांगून झाल्या की बहुतेक लेखक एक उसासा टाकतात: पाहा, ज्या समाजात निष्पाप माणूस धन्य समजला जाई, त्याच समाजाने हळूहळू त्याला मूर्ख ठरवले.

मीही बरीच वर्षे हे असेच सांगत आलो. ऐकणाऱ्यांना ते आवडते, कारण त्यात काळ बिघडल्याची आपली जुनी तक्रार भाषेच्या तोंडून वदवून घेता येते. पण चॉसर पुन्हापुन्हा वाचताना ही गोष्ट मला खोटी वाटू लागली. पायऱ्या खऱ्या आहेत, जिना खोटा आहे. चौदाव्या शतकाच्या शेवटी हा शब्द कुठल्याही एका पायरीवर उभा नव्हता. तो एकाच वेळी सगळ्या पायऱ्यांवर होता, एकाच कवीच्या हातात, कधी एकाच काव्यात. आणि या सगळ्या अर्थांच्या तळाशी जी एक गोष्ट होती ती धन्यताही नव्हती आणि मूर्खपणाही नव्हता.

आधी मूळ पाहू. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'सॅलिग' असा लिहीत आणि शेवटचा ग जवळजवळ य सारखा उच्चारत. तो आला 'सॅल' या नामापासून. सॅल म्हणजे वेळ, योग्य वेळ, आणि त्यावरून सुखाची वेळ, सुदैव. मराठी माणसाला हा दुवा समजावून सांगावा लागत नाही. आपणही 'वेळ सांगून येत नाही', 'त्याच्यावर वाईट वेळ आली' असे म्हणतो आणि घड्याळातली वेळ व नशीब एकाच शब्दात बोलून जातो. सॅलिग म्हणजे ज्याची वेळ चांगली आहे तो. यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: ही वेळ त्याने आणलेली नाही, ती त्याच्यावर आली आहे. देणारा दुसरा कोणी आहे. देव म्हणा, दैव म्हणा. सॅलिग माणूस कर्तबगार असेलही, पण हा शब्द त्याच्या कर्तबगारीबद्दल काहीच बोलत नाही.

नॉर्मन लोकांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकल्यावर पुढच्या तीनशे वर्षांत इंग्रजीचा चेहरामोहरा बदलला. त्या मधल्या इंग्रजीत आपला शब्द 'सेली' झाला. चॉसर तो 'सेली'च म्हणत असणार, दीर्घ 'से'वर जोर देऊन. त्याच्यानंतरच्या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर वर सरकले तेव्हा 'सेली'चा 'सीली' झाला. आणि स्वर आखूड होऊन जे दुसरे रूप रुळले ते आजचे 'सिली'.

मधल्या इंग्रजीचा सर्वांत मोठा कोश अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने केला. त्याची छपाई 1952 ला सुरू झाली आणि 2001 ला संपली. त्यात 'सेली'ची नोंद काढून बसावे म्हणजे कोशकारांचे कष्टही दिसतात आणि त्यांची अडचणही. आशीर्वाद मिळालेला, पवित्र, सज्जन, निष्पाप, दुर्दैवी, दीन: एकेका अर्थाखाली अवतरणे लावलेली आहेत. पण अवतरणे वाचू लागले की वाटते, हे या घरातून उचलून शेजारच्या घरात ठेवले तरी काय बिघडेल? कोशाला घरे पाडावीच लागतात, त्याला इलाज नाही. बोलणाऱ्याच्या मनात मात्र ती घरे नसतात.

आता चॉसर. हा माणूस 1374 पासून बारा वर्षे लंडन बंदरात लोकरीवरच्या जकातीचा हिशेब तपासत होता. व्यापारी, दलाल, खलाशी, कारकून. कोण कोणाला कसे गुंडाळतो हे त्याने रोज पाहिले असणार. लिहायला बसल्यावर हे विशेषण त्याला वारंवार लागते, आणि कोणाकोणाला लागते ते बघण्यासारखे आहे.

1380 च्या दशकात त्याने 'ट्रॉयलस अँड क्रिसेडी' हे दीर्घ काव्य लिहिले. त्यात 'सेलीनेस' हे नाम येते आणि त्याचा अर्थ सरळ 'सुख' असा आहे. ऐहिक सुख कसे खोटे असते हे नायिका बोलत असते. त्याच काव्यात दुःखाने गांजलेल्याला हाक मारताच येणाऱ्या मरणाला तो 'सेली' म्हणतो, म्हणजे सुखाचे मरण. आणि त्याच काव्याच्या शेवटच्या भागात, प्रियकराला सोडून दुसऱ्याकडे गेलेल्या क्रिसेडीला दूषण द्यायला कवी तयार नाही. तिथे ती 'सेली' बाई आहे. म्हणजे काय, सुखी? मुळीच नाही. बिचारी. काव्याच्या आरंभी नायक ट्रॉयलसच्या दैवाला त्याने 'अनसेली' म्हटले आहे, दुर्दैवी या अर्थाने. म्हणजे एकाच काव्यात 'अनसेली' हाही दुर्दैवी आणि 'सेली' हीही दुर्दैवी. होकार आणि नकार एकाच दाराशी येऊन थांबले. अर्थ पायरीपायरीने उतरत गेला असे मानले तर या काव्यात शब्द नेमका कुठल्या पायरीवर आहे?

'कँटरबरी टेल्स'मध्ये तर हा खेळ पराकोटीला जातो. त्यात वकिलाने सांगितलेली कस्टन्सची गोष्ट आहे. रोमच्या सम्राटाची ही मुलगी लग्न करून सीरियाला जाते; तिथे सासू सगळ्यांची कत्तल करून हिला सुकाणू नसलेल्या नावेत बसवून समुद्रात सोडून देते. वर्षानुवर्षे वाहत वाहत नाव इंग्लंडच्या उत्तर किनाऱ्याला लागते. तिथे तिच्यावर खुनाचा खोटा आळ येतो आणि दैवी चमत्काराने ती सुटते. जिच्यावर उगाच संशय घेतला त्या बाईचा उल्लेख तिथे 'सेली इनोसन्ट' अशा दोन शब्दांनी येतो. इथे आपण हात जोडतो.

आता त्याच ग्रंथाच्या शेवटाकडे या. किमयागाराच्या नोकराने सांगितलेली गोष्ट आहे. एक लबाड किमयागार लंडनमधल्या एका पाद्र्याला पाऱ्याची चांदी करून दाखवतो; कोळशात चांदीचा कीस लपवणे, अस्तनीतून कांडी सरकवणे असल्या हातचलाखीने. लोभी पाद्री भुलतो आणि ती विद्या चाळीस पौंडांना विकत घेतो. या पाद्र्याला गोष्ट सांगणारा काय म्हणतो? 'सेली इनोसन्ट'. तेच दोन शब्द. तिकडे साध्वी, इकडे लोभाने आंधळा झालेला मनुष्य. इथे आपण हसतो, निदान कपाळावर हात मारतो.

ही दोन स्थळे शेजारी ठेवल्यावर मला पहिल्यांदा वाटले की कवी दुसऱ्या ठिकाणी उपरोधाने बोलतो आहे. तसा उपरोध आहेही. पण उपरोध साधतो तो दोन्हीकडे काहीतरी समान असल्यामुळेच. कस्टन्स आणि पाद्री यांच्यात सद्गुण समान नाही, बुद्धी समान नाही, नशीबही समान नाही. समान आहे ते एवढेच: पुढे काय होणार हे दोघांनाही ठाऊक नाही, आणि दोघांचीही सूत्रे दुसऱ्या कोणाच्या हातात आहेत. कस्टन्स देवाच्या हातात आहे, पाद्री ठकाच्या हातात.

हे एकदा लक्षात आले आणि बाकीची स्थळे आपोआप उलगडू लागली. चॉसरच्याच 'लेजंड ऑफ गुड विमेन' या काव्यात डायडो सेली आहे, आणि पुरुषांवर विश्वास टाकून फसलेल्या सगळ्याच बायका सेली आहेत. त्यांचा घात ठरलेला आहे. आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही. 'कँटरबरी टेल्स'मधल्या कारभाऱ्याच्या गोष्टीत केंब्रिजचे दोन विद्यार्थी ट्रम्पिंग्टनच्या गिरणीत दळण घेऊन येतात. गिरणीवाला गुपचूप त्यांचा घोडा सोडून देतो आणि ते घोड्यामागे पाणथळीतून दिवसभर धावत सुटतात. तेवढ्यात हा त्यांचे पीठ चोरतो. धावताना, भिजताना, दमताना ते दोघे सेली आहेत. हे विद्यार्थी काही स्वभावाने गरीब नाहीत. रात्री ते गिरणीवाल्याचे सगळे उट्टे काढतात, तेही अशा रीतीने की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे व्हावे. तेव्हा मात्र तो शब्द त्यांच्या वाट्याला येत नाही. तो त्यांच्या स्वभावाला चिकटलेलाच नव्हता; ते ज्या जागी अडकले होते त्या जागेला चिकटला होता. घोडा हाती लागेना, तोवर ते सेली.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. चॉसरच्या काळात 'सेली' हा गुण सांगणारा शब्द नव्हता, जागा सांगणारा होता. ज्याची दोरी दुसऱ्याच्या हातात आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही, तो सेली. जुन्या इंग्रजीतला सॅलिगही याच जागी उभा होता. फक्त त्याची दोरी धरणारा हात प्रेमळ होता. देवाचा हात असेल तर तो माणूस धन्य. दैवाचा असेल तर बिचारा. ठकाचा असेल तर मूर्ख. माणूस तोच राहिला, दोरी धरणारा बदलला.

प्रत्येक स्थळ या चौकटीत नीट बसते असा माझा दावा नाही. त्याच ग्रंथातल्या प्रायोरेसच्या, म्हणजे मठप्रमुख जोगिणीच्या, गोष्टीतल्या सात वर्षांच्या मुलाबद्दल बोलताना हा शब्द जवळजवळ 'सद्गुणी' एवढ्यावर थांबतो. ती गोष्ट मात्र आपल्याला थांबू देत नाही. त्या मुलाचा खून ज्यूंच्या माथी मारलेला आहे आणि त्यापायी ज्यूंना हालहाल करून मारल्याचे वर्णन तिथे समाधानाने येते. इंग्लंडने आपल्या सगळ्या ज्यूंना 1290 मध्येच हाकलून दिले होते. चॉसरच्या श्रोत्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात एखादा ज्यू शेजारी पाहिलेला नसणार. निष्पाप बाळाची करुणा दाखवून दुसऱ्या कोणाबद्दल द्वेष पेटवायचा, हे तंत्र किती जुने आहे ते कळते. इथे मुलाचा निष्पापपणा गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात आहे, आणि तो हात स्वच्छ नाही.

मग प्रश्न उरतो: हाच शब्द शेवटी तळाला का गेला? जर्मनमध्ये याचाच सख्खा भाऊ आहे, 'झेलिग', आणि तो आजही धन्य आहे. जर्मन माणूस आपल्या दिवंगत आईचा उल्लेख करताना हा शब्द वापरतो, जसे आपण नावामागे कैलासवासी लावतो. डच भाषेतला 'झालिग' धन्य तर आहेच, शिवाय जेवण फार चवदार झाले तरी तोच शब्द तोंडात येतो. एकाच आजीची ही तीन नातवंडे. समाज बिघडला म्हणून शब्द घसरला असे म्हणावे तर जर्मन आणि डच समाजांत लबाड आणि भाबडे नव्हते असे म्हणावे लागेल.

मला यातले कारण देवळात सापडते. येशूने डोंगरावर केलेल्या प्रवचनाची सुरुवात 'धन्य ते' या शब्दांनी होते, हे ख्रिस्ती जगातले सर्वांत परिचित वाक्य. ल्यूथरने 1522 मध्ये नवा करार जर्मनमध्ये आणला तेव्हा 'धन्य'साठी 'झेलिग' घेतला. घराघरांत, पिढ्यान्‌पिढ्या तो त्याच वाक्यातून कानावर पडत राहिला. असे आसन मिळालेला शब्द सहसा रस्त्यावर येत नाही. इंग्रजीत मात्र ते आसन सॅलिगला कधी मिळालेच नव्हते. दहाव्या-अकराव्या शतकातल्या सॅक्सन शुभवर्तमानांत त्या जागी 'एआडिग' हा वेगळा शब्द आहे, आणि चौदाव्या शतकाच्या शेवटी विक्लिफच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणले तेव्हा तिथे 'ब्लेस्ड' येऊन बसला, तो आजतागायत. धन्यता सांगायला 'ब्लेस्ड' होता, सुख सांगायला नॉर्स मुळापासून आलेला 'हॅप्पी' पुढे आला. सेलीकडे उरला तो फक्त दुसऱ्याच्या हातात असलेला माणूस, आणि त्याची राखण करायला कुठलाही ग्रंथ नव्हता. एखाद्या शब्दाचे भवितव्य त्याच्या शेजाऱ्यांवर किती अवलंबून असते, हे आपण फार कमी बोलतो.

आणि राखण करणारा नसेल तर दया काय करते, ते दुसऱ्या भाषांतही दिसते. फ्रेंचमध्ये 'बने' म्हणजे बावळट. तो आला लॅटिनमधल्या 'आशीर्वादित' या शब्दापासून. आपल्याकडचे उदाहरण तर याहून बोलके आहे. सम्राट अशोक आपल्या लेखांत स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवतो. गिरनारच्या शिळेवर ते कोरलेले आहे, आणि त्याच लेखमालेचे तुकडे आपल्या सोपाऱ्यातही सापडले आहेत. देवांचा लाडका, राजाने मिरवावी अशी पदवी. व्याकरणात कात्यायनाने या समासाची नुसती नोंद केली. पण सतराव्या शतकातल्या भट्टोजी दीक्षितांच्या 'सिद्धान्तकौमुदी'पर्यंत येता येता त्या नोंदीला अट चिकटली: हे रूप मूर्ख या अर्थी. बौद्ध राजावरचा वैदिकांचा राग यामागे होता असे पुष्कळदा सांगतात. मला ते पुरेसे वाटत नाही. देवांचा लाडका म्हणजे ज्याची काळजी देवच घेतात, ज्याला स्वतःचे स्वतः काही कळत नाही, असा माणूस. हे वळण घ्यायला भाषेला कोणाच्या द्वेषाची गरज पडत नाही. फ्रेंचांनी ते कोणाचाही द्वेष न करता घेतले.

आणि उलटी वाटही तितकीच वाहती आहे. इंग्रजीतला 'नाइस' घ्या. त्याचे लॅटिन मूळ सांगते 'न जाणणारा', आणि चॉसरच्या काळी 'नाइस' माणूस म्हणजे मूर्ख माणूस. आज कोणी आपल्याला नाइस म्हटले तर बरे वाटते. सेली उतरत होता त्या काळात नाइस चढणीला लागत होता. नीती ढासळल्याचा पुरावा म्हणून 'सिली' पुढे करणाऱ्यांनी नीती सुधारल्याचा पुरावा म्हणून 'नाइस'ही मान्य करायला हवा. दोन्ही पुरावे मला सारखेच निरुपयोगी वाटतात.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची आहे आणि ती जास्त गोड आहे. इंग्लंडच्या पूर्वेकडे सफोक नावाचा परगणा आहे. 'सिली सफोक' अशी त्याची जुनी चेष्टा. तिथले अभिमानी लोक सांगतात की हा सिली म्हणजे मुळातला सेली, पुण्यवान. आमच्याकडे इतकी देवळे आहेत म्हणून हे नाव पडले. 'सिली'चा खरा अर्थ धन्य, असे म्हणणारे तर जागोजागी भेटतात. पण सर्वांत जुना अर्थ तोच खरा, हे कोणी ठरवले? शब्दाचा खरा अर्थ बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये असतो, त्या दिवशी, त्या जागी. केंब्रिजला मध्ययुगीन साहित्य शिकवणाऱ्या सी. एस. लुइस यांनी 1960 च्या 'स्टडीज इन वर्ड्स' या पुस्तकात एका धोक्याची सूचना दिली आहे. जुन्या पुस्तकात जो शब्द पूर्ण अनोळखी असतो तो आपल्याला फसवत नाही, आपण कोश उघडतो. फसवतो तो ओळखीचा शब्द, कारण आजचा अर्थ तिथेही चालून जाईल असा भास होतो. मला त्यात एवढीच भर घालायची आहे की मूळ अर्थही तसाच फसवतो. आजचा अर्थ डोक्यात ठेवून वाचणारा चॉसरच्या सुताराला मूर्ख म्हणून हसतो. मूळ अर्थ पाठ केलेला त्याला धन्य म्हणून मोकळा होतो. दोघेही सुताराकडे बघत नाहीत.

त्या सुताराकडे मला थोडा वेळ बघायचे आहे. 'कँटरबरी टेल्स'मधल्या एका गोष्टीतला, ऑक्सफर्डचा हा जॉन. पैसा बाळगून आहे, वय झालेले, आणि अठरा वर्षांच्या ॲलिसनशी लग्न केलेले. घरात निकोलस नावाचा विद्यार्थी भाडेकरू म्हणून राहतो, त्याला ज्योतिषाचा नाद. या निकोलससाठी कवीने एक विशेषण राखून ठेवले आहे, 'हेन्ड': अदबशीर, चतुर, हाताशी असलेला. तो शब्द इंग्रजीतून पार गेला, हे जाता जाता सांगतो. चतुराचे विशेषण मेले, भोळ्याचे जगले. निकोलस आणि ॲलिसन यांना एक रात्र हवी आहे. म्हणून निकोलस दोन दिवस खोलीत कोंडून घेतो, वर तोंड करून बसतो, आणि काळजीने चौकशीला आलेल्या सुताराला सांगतो: येत्या सोमवारी रात्री पूर येणार आहे, नोहाच्या वेळचा त्यापुढे काहीच नाही.

हे ऐकल्यावर सुतार काय म्हणतो? स्वतःचे काय होईल, घराचे काय होईल, हे नाही. माझी ॲलिसन बुडणार का, असे म्हणून तो रडतो. तिचा जीव वाचवायचा म्हणून तो सगळे करतो. पीठ मळायची काथवट आणि दोन पिंपे गुपचूप मिळवतो, तुळयांना टांगतो, चढण्यासाठी स्वतःच्या हातांनी तीन शिड्या बनवतो. तिन्हींत भाकरी, चीज आणि बिअर ठेवतो, दिवसभर पुरेल इतके. नोकराला आणि मोलकरणीला लंडनला पाठवून देतो. या सगळ्या धावपळीत कवी त्याला पुन्हापुन्हा एकाच विशेषणाने हाक मारतो: हा सेली सुतार.

आता इथे कुठला अर्थ घ्यायचा? तो फसतो आहे, यात वाद नाही; देवाने पुन्हा तसा पूर आणणार नाही असे नोहाला वचन दिले आहे, हे कुठल्याही ख्रिस्ती माणसाला ठाऊक असायला हवे. म्हणून तो मूर्ख. बायको त्याला फसवते आहे, म्हणून तो बिचारा. पण ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यासाठी थकलेल्या शरीराने शिड्या ठोकणारा माणूस त्या घरात एकटा तोच आहे. निकोलसला ॲलिसन हवी आहे. ॲलिसनला मजा हवी आहे. जॉनला ॲलिसन वाचायला हवी आहे. या तिसऱ्या गोष्टीसाठी जुन्या सॅलिगमधले काहीतरी लागतेच. कवीने एकच विशेषण वापरून तिन्ही अर्थ आपल्या हाती दिले आणि स्वतः बाजूला झाला. त्या तिन्हींतून कोणता उचलायचा, हे वाचणारा ठरवतो. सुताराची दोरी आता आपल्या हातात असते.

आजच्या इंग्रजीत त्याचे भाषांतर करणाऱ्यांची इथे गोची होते. सिली म्हणावे तर प्रेम गळते, पुअर म्हणावे तर हसू गळते, इनोसन्ट म्हणावे तर गोष्टीचा कणाच मोडतो. मराठीला ही अडचण कमी आहे, कारण आपल्याकडे 'भोळा' अजून त्याच जागी उभा आहे. भोळा शंकर म्हणताना आपण हात जोडतो. त्याच शंकराला धरून एखाद्याला 'अगदीच भोळासांब आहे' म्हणतो तेव्हा त्याच्या खिशातले पैसे कोणीतरी काढून नेले आहेत असे समजावे. 'भोळा भाव' देवाला पोचतो आणि 'भोळी भाबडी बाई' फसवली जाते. मराठीतला हा शब्द घसरतो आहे का? तसे म्हणणारे आहेत. मला वाटते, तो सेलीसारखाच सगळ्या पायऱ्यांवर एकदम उभा आहे, आणि कुठल्या पायरीवर ऐकू येईल हे ज्याच्या त्याच्या आवाजावर ठरते. आई मुलाला भोळा म्हणते तो शब्द वेगळा, आणि बाजारात दलाल गिऱ्हाइकाला म्हणतो तो वेगळा, अक्षरे तीच.

इंग्रजीनेही तो पूर्ण हातचा घालवला नाही. शेक्सपियरच्या 'टू जेंटलमेन ऑफ व्हेरोना'मधले लुटारू ज्या 'सिली' बायकांना हात लावत नाहीत त्या मूर्ख नव्हेत, असहाय आहेत. मिल्टनने 1629 मध्ये ख्रिस्तजन्मावरच्या काव्यात मेंढपाळांचे विचार सिली म्हटले, म्हणजे साधे, आपल्या मेंढरांपुरते. कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या जहाजावर तहानेने जीव जात असताना डेकवरच्या रिकाम्या बादल्या स्वप्नात दवाने भरतात, आणि जाग येते तेव्हा पाऊस पडत असतो. त्या बादल्यांना कवीने 1798 मध्ये सिली म्हटले. त्याला निरुपयोगी म्हणायचे होते की धन्य, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आणि आजही एखादी इंग्रज आजी पडून रडणाऱ्या नातवाला सिली म्हणते तेव्हा त्यात मूर्खपणाचा आरोप नसतो. आपल्या 'वेडा गं माझा'मध्ये जेवढे वेड असते तेवढेच असते.

सोमवारची रात्र झाली आहे. तिघे शिड्यांवरून चढून आपापल्या भांड्यात बसले आहेत. थोड्या वेळाने दोघे हळूच खाली उतरतील. पुढे त्याच रात्री तापल्या लोखंडाने भाजलेला निकोलस 'पाणी, पाणी' असे ओरडेल. पूर आला असे समजून सुतार दोर कापेल, वरून कोसळेल, हात मोडेल, आणि जमलेले शेजारी त्याला वेडा ठरवून पोट धरधरून हसतील. पण हे सगळे अजून व्हायचे आहे. आत्ता सुताराने प्रार्थना म्हटली आहे. दिवसभराच्या कामाने तो थकला आहे, डोळे मिटू लागले आहेत. अंधारात, छपराखाली टांगलेल्या पिंपात तो न हलता बसला आहे आणि पाऊस पडायला लागला का, ते कान देऊन ऐकतो आहे.